रक्त चढवण्याआधी बाळाचा नमुना घ्या : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

जन्मतःच पांढरेफटक असलेले बाळ आमच्या भागात दाखल झाले की केस पेपरवर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण लिहिले जाते. ‘आई ॲनिमिक’, म्हणजे आईलाच रक्तक्षय, किंवा ‘सिकल फॅमिली’, म्हणजे घराण्यात सिकल सेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार. दोन्ही कारणे इथल्या मातीतली आहेत, ऐकणाऱ्याला लगेच पटतात, आणि नवजात बाळाच्या गंभीर रक्तक्षयाचे कारण म्हणून दोन्ही जवळजवळ नेहमी चुकीची असतात. बाळाला रक्त चढवले जाते, बाळ गुलाबी दिसू लागते, सुट्टी होते. खरे कारण शोधायचे राहून जाते. काही बाळांच्या बाबतीत ते शोधण्याची मुदत फक्त एकवीस दिवसांची असते.

मी गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. सरकारी नोकरीत नाही, पण माझ्याकडे येणारी बाळे तुमच्याच आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत जन्मलेली असतात, आणि जास्त बिघडली की मी त्यांना तुमच्याच एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात पाठवतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी ‘आई ॲनिमिक’बद्दल. एक आजी मला म्हणाली होती, “मायच्याच आंगात रगत नाही, त लेकराच्या आंगात कुठून येईन जी?” आजीने तेच ऐकलेले असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला, तेव्हा फिकट आई आणि फिकट बाळ शेजारी दिसले की डोके तिकडेच धावते. पण पोटातले बाळ आईकडे तुटवडा असतानाही वारेतून आपला लोहाचा वाटा ओढून घेते. आईचे हिमोग्लोबिन 7 आणि बाळाचे 16, असे रिपोर्ट आम्ही नेहमी पाहतो. आईच्या कमतरतेचे परिणाम बाळाला भोगावे लागतात हे खरे. वजन कमी भरते, दिवस भरण्याआधी जन्म होतो, लोहाचा साठा अपुरा असल्यामुळे चार-सहा महिन्यांनी रक्त कमी होते. मात्र पूर्ण दिवसांच्या बाळाचे हिमोग्लोबिन जन्मताना साधारण 14 ते 20 असते. ते पहिल्याच दिवशी 6 भरले तर त्याचे खापर आईवर फोडता येत नाही. आणि आपण ते फोडतो. गोळ्या खाल्ल्या नाहीत म्हणून लेकरू असे झाले, हे त्या बाळंतिणीला सासरी वर्षानुवर्षे ऐकावे लागते. केस पेपरवरच्या दोन शब्दांचा हा परिणाम मला सहन होत नाही.

सिकलचे म्हणाल तर जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भातले हिमोग्लोबिन असते, आणि त्याला सिकलचा दोष बाधत नाही. सिकलचा त्रास त्यानंतर, हे हिमोग्लोबिन कमी होत जाते तसा, साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकल आहेच आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. 2023 पासून राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. परंतु पहिल्या आठवड्यातले फिकट बाळ सिकलच्या खात्यात टाकून मोकळे होता येणार नाही.

मग कारण काय असते? कधी प्रसूतीच्या वेळी किंवा त्याआधी बाळाचे रक्त वाहून गेलेले असते. कधी आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नाही. आमच्या जिल्ह्यात मलेरिया आणि गुप्तरोग (सिफिलिस) या दोन्हींची तपासणी फिकट बाळाच्या बाबतीत सोडून चालत नाही. आणि काही बाळांत आईच्या पोटात असतानाच झालेला विषाणू संसर्ग निघतो. पार्व्हो बी-19, सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही, रुबेला. राज्यात नोव्हेंबर 2018 पासून गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. ती लस नियमित लसीकरणात टिकली तर रुबेलाची भीती कमी राहील. उरलेल्या दोघांना लस नाही. त्यांच्याविषयीच मला लिहायचे आहे.

पार्व्हो बी-19 हा विषाणू 1975 मध्ये सापडला. तो अस्थिमज्जेत नव्या लाल पेशी तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करतो आणि आठवडा-दहा दिवस नवे रक्त बनणेच थांबते. धडधाकट माणसाची लाल पेशी 120 दिवस जगते, त्यामुळे त्याला हा खंड जाणवतही नाही. थोडा ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी, संपले. सिकलच्या मुलाची लाल पेशी जेमतेम दहा-वीस दिवसांची. त्याचे हिमोग्लोबिन याच आठवड्यात धाडकन 3-4 वर येते. 1981 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी सिकलच्या मुलांत हा संबंध दाखवून दिला. तिसरा बळी पोटातले बाळ. त्याच्या पेशीही अल्पायुषी, शिवाय अंग झपाट्याने वाढत असल्यामुळे त्याला रोज नवे रक्त लागते. ते बनणे थांबले की हृदयावर ताण येतो, पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठते. वारही सुजते. अशी वार नेहमीपेक्षा मोठी, जड आणि फिकट असते. प्रसूतिगृहातल्या सिस्टरला ती हातात घेताच वेगळी वाटते, तरी ती तशीच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, कारण वार कशी दिसली हे लिहायला कागदावर जागाच नसते. ती जागा करा. फुकट होणारे काम आहे.

इथे विदर्भापुरती एक गोष्ट सांगतो, जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला सुचायचे कारण नाही. सिकलचे मूल अचानक खूप फिकट होऊन दाखल झाले, त्याच्या रक्तात कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक, जवळजवळ शून्य निघाल्या, तर त्या घरात पार्व्हो फिरतो आहे असे समजायला हरकत नाही. त्या मुलाच्या उशाशी बसलेली आई गरोदर असेल तर धोका तिच्या पोटातल्या बाळालाही आहे, विशेषतः गर्भ वीस आठवड्यांच्या आतला असेल तर. आपण मुलाला रक्त देतो, चार दिवसांनी घरी पाठवतो, आणि तिला कोणी काही विचारत नाही. सावळ्या कातडीवर या आजाराचे लाल गाल नीट दिसत नाहीत, तेव्हा पुरळाची वाट पाहण्यात अर्थ नाही. विचारणे सोपे आहे : घरात कोणी गरोदर आहे का? शेजारी? अंगणवाडीची ताई? उत्तर ‘हो’ आले तर पुढचे दोन-तीन महिने तिची नियमित सोनोग्राफी आणि बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉप्लर. त्या वाहिनीतला वेग वाढला की बाळाचे रक्त कमी झाले हे सुई न टोचता कळते. फार कमी झाले असेल तर गर्भातच नाळेतून रक्त देता येते. ते मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांचे काम आहे, पण त्यांच्याकडे वेळेत पाठवणे आपल्या हातात आहे. संसर्ग झालेल्या बहुतेक गर्भवतींची बाळे सुखरूप असतात, हेही तिला सांगायला हवे. घाबरवून पाठवू नये.

आता सीएमव्ही. आपल्या देशात जवळजवळ प्रत्येक बाईला हा विषाणू लहानपणी कधीतरी होऊन गेलेला असतो आणि तो शरीरात मुक्काम ठोकून राहतो. गरोदरपणात तो पुन्हा जागा होतो किंवा त्याच्या दुसऱ्या जातीचा नवा संसर्ग होतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. ज्यांना होते त्यांच्या अंगावर जांभळे बारीक ठिपके दिसतात, लिव्हर आणि पाणथरी वाढलेली असते, कावीळ असते, प्लेटलेट घसरलेल्या असतात, डोके लहान असते. यातल्या काही बाळांच्या लाल पेशीही फुटतात आणि हिमोग्लोबिन खाली जाते.

अशा बाळासाठी खासगी लॅबमध्ये सर्रास ‘टॉर्च’ तपासणी, म्हणजे पोटातल्या बाळाला होणाऱ्या संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी लिहिली जाते आणि आई-बाप उधारी करून ती करतात. रिपोर्टमध्ये सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह येते. येणारच. ती आईची प्रतिपिंडे असतात, वारेतून आलेली. त्यावरून बाळाला आजार आहे की नाही काहीच ठरत नाही. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांवरही विसंबता येत नाही. खरी तपासणी म्हणजे बाळाच्या लघवीचा किंवा लाळेचा पीसीआर, म्हणजे खुद्द विषाणूचा अंश शोधणारी तपासणी, आणि तो जन्मापासून एकवीस दिवसांच्या आत. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटातून आला, आईच्या दुधातून आला की चढवलेल्या रक्तातून, हे सांगता येत नाही.

गेल्या काही वर्षांतले एक बाळ मी विसरू शकत नाही. दुर्गम भागातले, घरचे पहिलेच. जन्मतः फिकट, पोट फुगलेले, छातीवर ठिपके. जिथे जन्मले तिथे दोन वेळा रक्त दिले गेले आणि त्यामुळे ते वाचले. हे मी पूर्ण आदराने लिहितो, कारण ज्यांनी रात्री रक्त आणून ते दिले त्यांनीच त्याचा जीव राखला. डिस्चार्ज कार्डावर ‘आई ॲनिमिक’. माझ्याकडे आले तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते. तक्रार रक्ताची नव्हतीच. आई म्हणाली, गंज (भांडे) पडला, कुत्रा भुंकला, तरी दचकत नाही. मी मागून टाळी वाजवली, मग स्टीलच्या ट्रेवर चमचा आपटला. त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे टक लावून पाहिले, मान मात्र हलवली नाही. कान तपासून घेतले, दोन्ही बाजूंनी ऐकू येत नव्हते. सीएमव्ही होता का? चित्र तसेच होते. पण जन्माच्या वेळचा एकही थेंब कुठे ठेवलेला नव्हता, त्यामुळे ते आता कधीच सिद्ध होणार नाही.

म्हणून माझी पहिली मागणी आहे, आणि बाकीचे काही जमले नाही तरी एवढे व्हावे. फिकट बाळाला पहिली पिशवी लावण्याआधी एक-दोन मिली रक्त काढून ठेवा. त्यातून हिमोग्लोबिन, रेटिक, रक्तगट, कूम्ब्स (आईची प्रतिपिंडे बाळाच्या लाल पेशींना चिकटली आहेत का ते पाहणारी तपासणी), मलेरिया आणि सिफिलिसची तपासणी होईल. उरलेल्या थेंबांचे चार ठिपके फिल्टर पेपरवर वाळवून, नाव-तारीख टाकून कपाटात ठेवा. लघवीच्या पिशवीत पाच मिली लघवी जमली की ती फ्रीजमध्ये. रक्त चढवल्यानंतर बाळाच्या अंगात दात्याच्या पेशी आणि दात्याची प्रतिपिंडे मिसळतात, रिपोर्ट गढूळ होतात. बाळ धापा टाकत असेल तर नमुन्यासाठी रक्त थांबवू नका, हे सांगायला नको. शीर मिळते त्याच क्षणी आधी नमुना, मग रक्त.

रेटिकबद्दल थोडे अधिक. ही तपासणी ग्रामीण रुग्णालयातला टेक्निशियन करू शकतो. न्यू मेथिलीन ब्ल्यूचे दोन थेंब, रक्ताचे दोन थेंब, पंधरा मिनिटे, मग काचपट्टी. कोवळ्या पेशीत निळी जाळी दिसते. पेशी फुटत असतील तर ही संख्या वाढलेली, मज्जा बंद पडली असेल तर दिसेनाशी झालेली. बरे होऊ लागलेल्या पार्व्होत ती वाढलेलीही सापडते, म्हणून एकट्या रेटिकवर निदान नको. तरीही पुढची दिशा तिथेच ठरते, आणि खर्च नावापुरता. रंगाची बाटली मात्र शिल्लक हवी. ती कित्येक ठिकाणी नसते.

आता उपचारातली एक नाजूक जागा. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून साधारण 200 मिली रक्त असते. रक्तपेढीतून येणारी मोठ्या माणसाची पॅक्ड सेलची, म्हणजे दाट लाल पेशींची पिशवी त्याहून मोठी. बाळाला एका वेळी लागते 10 ते 15 मिली प्रति किलो, म्हणजे या बाळाला 25 ते 38 मिली, तेही तीन-चार तासांत, सिरिंज पंपाने. जे बाळ पोटात आठवडेच्या आठवडे फिकट होते, त्याच्या रक्ताचे एकूण प्रमाण कमी नसते, पातळ झालेले असते, आणि हृदय थकलेले असते. त्याला भराभर रक्त दिले तर आपल्या हातूनच हृदय बंद पडू शकते. त्याला 5 मिली प्रति किलो असे थोडे थोडे द्यावे लागते, किंवा थोडे पातळ रक्त काढून तेवढेच दाट रक्त घालावे लागते. प्रत्येक वेळी नवीन पिशवी म्हणजे प्रत्येक वेळी नवीन दाता. यासाठी एकाच दात्याचे रक्त चार छोट्या पिशव्यांत विभागून ठेवणारी बॅग मिळते. ती आमच्या बाजूच्या प्रत्येक रक्तपेढीत आणि रक्त साठवण केंद्रात कायम असावी. सोबत पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर, कारण सीएमव्ही पांढऱ्या पेशींतून पसरतो आणि उपचारातून आजार देणे आपल्याला परवडणारे नाही.

पार्व्होवर थेट औषध नाही. रक्त, श्वासाला आधार, साठलेले पाणी काढणे, आणि मज्जा पुन्हा सुरू होईपर्यंत धीर. सीएमव्हीवर आहे. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, 16 मिलीग्रॅम प्रति किलो, दिवसातून दोनदा, सहा महिने. रक्तक्षय भरून काढायला तरीही रक्तच लागते. हे औषध ऐकण्याची शक्ती आणि वाढ वाचवण्यासाठी आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांऐवजी सहा महिने औषध घेतलेल्या बाळांचे कान आणि विकास दोन वर्षांनी थोडे बरे आढळले. त्या बाळांना औषध पहिल्या महिन्यातच सुरू झाले होते. आणि इथे आमची अडचण बघा. तीन किलोच्या बाळाला एका वेळी 48 मिलीग्रॅम हवे, बाजारात सहज मिळते ती 450 मिलीग्रॅमची गोळी. तिचे नऊ तुकडे करायला आम्ही कोणत्या बापाला सांगायचे? शिवाय तिची पूड हाताला लागणे गरोदर बाईला धोक्याचे, आणि घरात आत्या नाहीतर काकू गरोदर असतेच. पातळ औषध तयार होऊन, मापाच्या सिरिंजसह मिळायला हवे. जिल्हा रुग्णालयाच्या औषध विभागाला ते काम नेमून द्या, किंवा तयार पातळ औषध खरेदीच्या यादीत घाला. औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी लागते. ती जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होईल अशी चिठ्ठी बाळासोबत हवी. सीबीसीसाठी कोणी सिरोंच्याहून गडचिरोलीला दोनशे किलोमीटर येणार नाही, आणि येऊ नये.

पीसीआरसाठी नवीन इमारत नको आहे. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात आरटी-पीसीआर लॅब उभ्या राहिल्या, माणसे शिकली. यंत्र तेच, किट वेगळे. पण लॅब बहुतेक ठिकाणी मेडिकल कॉलेजची, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाची, आणि बाळ एसएनसीयूत, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाचे. दोन खात्यांमध्ये लघवीची एक बाटली अडकू नये, म्हणून हे पत्र दोघांच्या नावे लिहिले आहे. टीबीचे थुंकीचे नमुने ज्या वाहतुकीने जातात तिच्यातूनच हेही जाऊ शकतील. खर्चाचा प्रश्न काढलाच तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाच्या तपासण्या, औषध, रक्त आणि वाहन एक वर्षापर्यंत मोफत आहे. त्यात हे स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे काउंटरवर वाद होणार नाही.

एकवीस दिवसांचे गणित जमवायला आपल्याकडे माणूसही आहे. आशाताई. घरी जाऊन नवजात बाळाची सेवा करण्याची पद्धत आमच्याच जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून सिद्ध झाली, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि नंतर देशभर गेली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी घरी जातात. म्हणजे मुदतीच्या आत चारदा. त्यांना तळहात, तळपाय आणि ओठांच्या आतला रंग पाहायला शिकवा. तुलना आईच्या तळहाताशी नको, तीही बहुधा फिकट असते. ठिपके, फुगलेले पोट आणि फिकटपणा यातले काहीही दिसले तर बाळ त्याच दिवशी पाठवायचे, एकविसाव्या दिवसाच्या भेटीची वाट पाहायची नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा बाळ येऊ शकत नसेल तर निदान लघवीचा नमुना घेऊन तिथल्याच फ्रीजमध्ये ठेवण्याची मुभा सिस्टरला असावी, डॉक्टरच्या सहीसाठी थांबावे लागू नये.

ज्या बाळाचे निदान होईल त्याचे कान पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा तपासावे लागतात, कारण सीएमव्हीत ऐकू येणे हळूहळूही जाते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्यांच्या यादीत हे बाळ नावासकट गेले पाहिजे.

तेव्हा एक परिपत्रक काढा. पानभराचे, मराठीत, दोन्ही खात्यांच्या सह्यांचे. फिकट नवजात बाळाचा नमुना रक्ताआधी घ्यावा, पीसीआर कुठे पाठवावा, औषध कुठून मिळेल, आणि रक्तक्षयाचे कारण म्हणून केवळ ‘आई ॲनिमिक’ लिहून केस बंद करू नये. आमच्या भागातल्या सिस्टर, टेक्निशियन आणि आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी मी बोलावाल तिथे, मानधनाशिवाय येईन. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या ताई सोबत द्या, एवढीच विनंती. पुढच्या पावसाळ्याआधी हे परिपत्रक निघावे आणि रक्तपेढ्यांना छोट्या पिशव्या पोहोचाव्यात. आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ
जिल्हा गडचिरोली